बोटीच्या कॉकपिटमधे स्पीकर लावायचेत? जिगसॉ जरा बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २८ फुटी शिडाची बोट, फायबरची, सेकंडहँड घेतलेली, टिलरवाली (सुकाणूला चाकाऐवजी दांडा), गेटवेसमोर मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच बोयाला बांधलेली असते. आधीच्या मालकाने कॉकपिटमधे, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेत, गाडीतले साडेसहा इंची स्पीकर ठोकले होते, ते एका मोसमात गंजून फाटल्यासारखे वाजायला लागले. आता तुम्हाला मरीन स्पीकर घ्यायचेत आणि विचारताय की कुठल्या कंपनीचे घेऊ, तीच भोकं वापरू का, आणि ७५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर दिवसभर गाणी चालतील का.

मी वीसेक वर्षं बोटींचं वायरिंग करतोय, मुख्यतः मुंबई, मांडवा, अलिबाग या पट्ट्यात आणि कधीमधी गोव्यात. कंपनीचं उत्तर सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं, म्हणून ते नंतर देतो. स्पीकर बदलता येतो हो, पाच मिनिटांचं काम आहे. पण तुम्ही बोटीला दोन मोठी भोकं पाडणार आणि दोन तगडी चुंबकं कॉकपिटमधे कायमची बसवणार, आणि या दोन गोष्टींचा त्रास गाणं बंद असतानाही चालूच राहतो. माझ्याकडे जी दुरुस्तीची कामं येतात त्यातली निम्मी या दोनपैकी एकातून आलेली असतात, स्पीकर बिघडला म्हणून क्वचितच कोणी बोलावतं.

आता बरंचसं तुमच्या वापरावर आहे हे आधीच कबूल करतो. रविवारी सकाळी निघून खांदेरी बेटाला वळसा घालून संध्याकाळी परत, असंच सेलिंग असेल तर मी सरळ सांगेन की आयपी६७चा, म्हणजे पाण्यात पडला तरी टिकणारा, एक चांगला ब्लूटूथ स्पीकर घ्या, दोरीने बांधा आणि भोकं बुजवून टाका. मला यात चार पैसे मिळत नाहीत तरी सांगतोय. मांडव्याला नांगर टाकून मंडळी घेऊन रात्रभर राहत असाल, किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुरुड, दाभोळ असं खाली जात असाल तर पक्के स्पीकर लावण्यात अर्थ आहे, कारण तेवढा वेळ पोर्टेबलची बॅटरी पुरत नाही आणि तो सारखा कोणाच्या तरी पायात येतो. फक्त पोर्टेबल घेतलात तर एक लक्षात ठेवा, त्याच्यातही चुंबक असतंच, आणि लोक तो हमखास होकायंत्राच्या शेजारच्या सपाट जागेवरच ठेवतात.

तर चुंबकापासूनच सुरू करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका ३४ फुटी बोटीवर मी मागच्या लॉकरच्या, म्हणजे सामानाच्या कप्प्याच्या, भिंतीत दोन स्पीकर बसवले. कॉकपिटमधलं होकायंत्र लांब होतं, दीड मीटर तरी, त्यामुळे मी निर्धास्त. मालकाला घेऊन मांडव्याहून खांदेरीच्या दिशेने ट्रायल मारली, ऑटोपायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) लावला, बोट सुतासारखी सरळ. परत येताना तसंच गेटवेकडे तोंड केलं आणि ऑटोपायलटच्या डिस्प्लेवरची दिशा आणि जीपीएसवरची दिशा यात १५ डिग्रीचा फरक. मी म्हटलं भरतीची ओढ असेल. मालकाला पटलं, मलाही पटलं. पुढच्या आठवड्यात भरती नव्हती, ओहोटी होती, तरी फरक तेवढाच आणि त्याच बाजूला. मग डोक्यात प्रकाश पडला. ऑटोपायलटचं स्वतःचं वेगळं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं, फ्लक्सगेट म्हणतात त्याला, आणि ते त्या बोटीत लॉकरच्या आतल्या प्लायच्या मागे स्क्रूने लावलेलं होतं, माझ्या उजव्या स्पीकरच्या पाठीपासून जेमतेम वीतभर. चुंबकामुळे येणारी चूक सगळ्या दिशांना सारखी नसते, एका दिशेला जवळजवळ शून्य आणि त्याला काटकोनात गेलात की सगळ्यात जास्त. म्हणून खांदेरीकडे जाताना सगळं सुरेख दिसलं. १५ डिग्री म्हणजे १० सागरी मैलांत तुम्ही अडीच मैल बाजूला गेलेले असता, आणि कोकण किनाऱ्याला अडीच मैलांत खडक, बोया, मासेमारीची जाळी काहीही येऊ शकतं. स्पीकर काढले, जुनी भोकं माझ्या खर्चाने बुजवली. तेव्हापासून मी करवत काढायच्या आधी चुंबकाची चाचणी घेतो.

चाचणी अशी. स्पीकर विकत आणा पण पॅकिंग फेकू नका. बोट शांत उभी असताना, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्यात किंवा जेट्टीला दोन्ही बाजूंनी बांधलेली असताना, एकाने होकायंत्राच्या तबकडीवर डोळे लावून बसायचं आणि दुसऱ्याने स्पीकर ठरलेल्या जागी धरायचा, मग लांब न्यायचा, परत आणायचा, चार-पाच वेळा. मुरिंगवर बोट सतत फिरत असते म्हणून हे पटापट करायचं, नाहीतर बोट फिरली की चुंबकाने फिरवलं ते कळत नाही. तबकडी केसभर जरी हलली तरी ती जागा बाद. जिथे हलायची थांबते तिथून अजून अर्धं अंतर वाढवा. साधारण १ मीटर असा आकडा सगळे सांगतात, मीही सांगतो, पण तो अंदाज आहे, मोठ्या फेराइट चुंबकाला तो कमी पडतो. हेच ऑटोपायलटच्या फ्लक्सगेटसाठी करा, आणि तो कुठे आहे ते माहीत नसेल तर आधी शोधा, सेकंडहँड बोटीत तो कपड्यांच्या कपाटातही सापडतो. स्पीकरची जाळी चुंबकाने चिकटणारी असेल तर ती लावून चाचणी घ्या. आणि टिलरपायलट वापरत असाल, ते टिलरला अडकवायचं दांड्यासारखं यंत्र, तर त्याचं होकायंत्र बहुतेक त्याच्या पोटातच असतं, म्हणजे तुमच्या बोटीत ते नेमकं मागे, तुम्हाला स्पीकर हवेत तिथेच येणार.

आता जागा. २८ फुटी बोटीत मोजून तीन-चारच पर्याय असतात. केबिनच्या दाराच्या दोन बाजूंना, तोंड मागे करून, ही जागा दिसायला सगळ्यात छान, पावसापासून थोडी आडोशाला, मागून केबिनमधे हात घालता येतो. पण या साइजच्या बहुतेक बोटींत होकायंत्र नेमकं त्याच भिंतीत बसवलेलं असतं, त्यामुळे दहातल्या नऊ वेळा तरी ती जागा चाचणीतच उडते. पाय ठेवतो त्या खड्ड्याच्या भिंतीत काही जण लावतात. नका लावू. लाट आत आली की पहिलं पाणी तिथेच साचतं, आणि पाहुण्यांच्या सँडल तिथेच आपटतात. मागच्या रेलिंगला डब्याचे स्पीकर टांगता येतात, भोक पाडावं लागत नाही हा मोठा फायदा, पण शिडाच्या दोऱ्या त्यात अडकतात आणि ते मुरिंगवरून चोरीलाही जातात, सांगायला वाईट वाटतं पण जातात.

राहिली कोमिंग, म्हणजे कॉकपिटभोवतीची ती उभी भिंत जिला आपण पाठ टेकतो. तुमचे जुने स्पीकर तिथेच असावेत असा माझा अंदाज आहे. मी तीच निवडतो, पण मधोमध नाही, मागच्या टोकाला आणि शक्य तितकं वर. मधोमध लावलात तर चार माणसं बसली की चारही पाठी स्पीकरवर, मग आवाज वाढवा, बॅटरी संपवा. टिलरवाल्या बोटीत सुकाणू धरणारा माणूस मागेच असतो आणि गाणं त्यालाच ऐकायचं असतं. उघड्यावर भिंती नसतात, आवाज परतून येत नाही, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. याचा उलटा हिशोब केला तर अंतर अर्धं करणं म्हणजे ॲम्प्लिफायरची ताकद चौपट करण्यासारखं आहे, तेही फुकटात. म्हणून मी लोकांना सांगतो, वॅट विकत घेऊ नका, स्पीकर कानाजवळ आणा. लावायच्या आधी विंचचा (दोरी ताणायच्या चरकाचा) हँडल पूर्ण फिरवून बघा आणि जेनोआची, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाची, दोरी दोन्ही टॅकवर, म्हणजे वारा डावीकडून आणि उजवीकडून असताना, कुठून जाते ते बघा. स्पीकरची कड २ सेंटिमीटर जरी बाहेर आली तरी ओल्या दोरीचा वेटोळा तिथेच अडकणार, आणि तोही नेमका टॅक मारताना, म्हणजे वाऱ्यातून बोट वळवताना.

मागे काय आहे हे बघायची एक युक्ती देतो. जिथे स्पीकरचा मध्य येणार तिथे ३ मिलिमीटरचं एकच भोक पाडा. जाडसर तार घ्या, टोकाला स्पीकरच्या अर्ध्या व्यासाइतकी काटकोनात वाकवा, भोकातून आत सरकवा आणि गोल फिरवा. वायर, पाइप, लाकडी बत्ता, काहीही आडवं येत असेल तर तार तिथे अडते. अडली तर ते ३ मिलिमीटरचं भोक इपॉक्सीच्या एका थेंबाने बुजतं, ५ इंची भोक नाही बुजत. साडेसहा इंची स्पीकरला मागे ६-७ सेंटिमीटर खोली लागते, कंपनीप्रमाणे कमीजास्त, डब्यातला कागदी साचा वापरा.

तुमची जुनी भोकं तशीच वापरू का याचं उत्तर त्यांच्या कडेत आहे. स्पीकर काढा, टॉर्च घ्या, कापलेली कड बघा. नुसतं घट्ट फायबर दिसलं तर नशीबवान आहात. मधे लाकडाचा किंवा फोमचा थर दिसला, म्हणजे सँडविच, तर बोटाच्या नखाने तो दाबून बघा. बोटींमधे बऱ्याच ठिकाणी बाल्साचा थर असतो, हलकं लाकूड, उभ्या रेषांचं. कड उघडी ठेवली की ते चहात बुडवलेल्या टोस्टासारखं पाणी पितं. नखाने दाबल्यावर पाणी येत असेल किंवा काळा चिखल निघत असेल तर मग स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने भोकाच्या चहूबाजूंनी हळूहळू ठोकत जा. चांगल्या जागी टणटण वाजतं, सडलेल्या जागी धप्प. जिथे धप्प संपतं तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा बघून तुम्हाला स्वतःलाच कळेल की हे दोन इंचांचं काम आहे की दोन महिन्यांचं.

एका बोटीवर मी असाच स्पीकर काढायला गेलो तर चार स्क्रूंपैकी तीन हातानेच बाहेर आले, आणि चौथ्याबरोबर स्पीकर, त्याची रिंग आणि तळहाताएवढा ओला भुसा. मालक शेजारी उभा होता, म्हणाला, हा भुसा पॅकिंगचा आहे का? मी काय बोलणार.

कड कोरडी आणि टणक असेल तर काम सोपं आहे. ड्रिलमधे वाकवलेला खिळा लावून दोन फायबरच्या थरांमधला कोअर (तो लाकडाचा किंवा फोमचा थर) साधारण १० ते १२ मिलिमीटर आत खरवडून काढायचा, सगळीकडून. धूळ व्हॅक्यूमने ओढायची. मग आधी पातळ इपॉक्सी ब्रशने लावायची, लाकूड जेवढी पिईल तेवढी पिऊ द्यायची, आणि त्यावर सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकी घट्ट केलेली इपॉक्सी खाचेत दाबून भरायची. दुसऱ्या दिवशी घासून सपाट. आता स्पीकरचे स्क्रूही त्या घट्ट इपॉक्सीतच जातात, लाकडात जात नाहीत. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करा, हवा कोरडी असते. ऑक्टोबरमधे बोट पाण्यात टाकायच्या घाईत केलंत तर पावसाळ्याची ओल तुम्ही आत बंद करून ठेवताय. आणि हो, फायबर कापताना पूर्ण बाहीचा शर्ट आणि मास्क घाला, ती खाज दोन दिवस जात नाही, घरात कपडे वेगळे धुवायला लागतात.

नवीन भोक पाडायचं असेल तर चिकटपट्टी लावून त्यावर खूण, जिगसॉला बारीक दाताचं पातं, आणि होल सॉ (गोल भोक पाडायचं पातं) वापरत असाल तर पहिला जेलकोटचा, म्हणजे फायबरवरचा चकचकीत, थर ड्रिल उलटं फिरवून कापा म्हणजे टवके उडत नाहीत. जुन्या भोकाचं माप जुळत नसेल तर प्लास्टिकच्या जाड शीटची किंवा फायबरची रिंग करून घ्या, ती भोकावर बसवा आणि स्पीकर रिंगमधे. दिसायलाही बरं दिसतं आणि पुढच्या वेळी वेगळा स्पीकर आणलात तर फक्त रिंग बदलायची.

सीलंटबद्दल माझं ठाम मत आहे. बाथरूममधलं ते सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते बोटीवर आणूच नका. त्यातलं आम्ल धातूला खातं आणि एकदा लागलं की त्या जागेवर पुढे काहीच धड चिकटत नाही, रंगसुद्धा नाही. पॉलियुरेथेनचं कायमचं चिकटवणारंही नको, स्पीकर बदलायची वेळ आली की जेलकोटसकट निघतो. मी ब्यूटाइल टेप वापरतो, ती काळी किंवा करडी च्युइंगगमसारखी ताणणारी पट्टी. स्क्रूभोवती तिची छोटी वेणी, रिंगेच्या मागे एक पूर्ण वेटोळं, मग स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, आज थोडे, उद्या थोडे, परवा थोडे, दर वेळी बाहेर आलेली टेप नखाने काढायची. स्पीकरबरोबर जी फोमची पातळ रिंग येते तिच्यावर विश्वास ठेवू नका, ती खारं पाणी धरून ठेवते.

स्क्रू ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे. इथे एक गंमत सांगतो. नागदेवी स्ट्रीटला गेलात तर दुकानदार खिशातून चुंबक काढून दाखवतो, बघा साहेब, चिकटत नाही, म्हणजे एक नंबर स्टील. २०२ला पण चुंबक चिकटत नाही आणि ३०४ला पण नाही, फार तर किंचित. ३१६मधे मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला टिकतं, ते चुंबकाने कळत नाही, दुकान ओळखीचं असलं तरच कळतं. २०२चे स्क्रू पहिल्याच मोसमात तपकिरी अश्रू ढाळायला लागतात, पांढऱ्या जेलकोटवर ते लांबून दिसतं.

आता तुमचे जुने स्पीकर का मेले. गाडीच्या स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा थरथरणारा पडदा, बऱ्याचदा कागदाचा, भोवतीची रिंग फोमची, सांगाडा साध्या पत्र्याचा. कागद ओला-सुका होऊन मऊ पडतो, फोम उन्हाने चुरा होतो, आणि खरा खून होतो चुंबकातल्या त्या बारीक फटीत जिथे कॉइल हलते, तिथे गंजाचे कण शिरले की कॉइल घासते आणि तो फाटका आवाज येतो. मरीन स्पीकरमधे कोन पॉलिप्रॉपिलीनचा, रिंग रबराची, सांगाडा प्लास्टिकचा, कॉइलच्या वायरी आणि टोकं झाकलेली असतात. एवढ्या चार गोष्टी बघून खात्री करा आणि तुमच्या बजेटमधे बसेल त्या नावाजलेल्या कंपनीचा घ्या, माझा कंपनीवर हट्ट नाही. डब्यावर नुसतं मरीन लिहिलंय पण आयपी रेटिंग नाही, अतिनील किरणांबद्दल एक शब्द नाही, तर तो रंग पांढरा केलेला गाडीचाच स्पीकर समजा. आयपी६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, बुडवलेलं नाही सोसणार. आणि तेही समोरून. मागची बाजू लॉकरमधे उघडी असते, तिथे वरून ओल्या दोऱ्या, फेंडर (बोटीच्या बाजूला टांगायचे फुगे), लाइफ जॅकेट पडतात, त्याला रेटिंग वाचवत नाही.

म्हणून मी मागे आवरण करतो. आईस्क्रीमचा ४ लिटरचा प्लास्टिकचा डबा, तळाकडून अर्धा कापलेला, उलटा करून स्पीकरच्या मागे छपरासारखा बसवायचा, खालची बाजू मोकळी. पाणी वरून पडलं तर डब्यावरून घसरतं, फेंडर आदळला तर डब्यावर आदळतो. पूर्ण बंद डबा नका करू, एवढ्या छोट्या हवेत साडेसहा इंची स्पीकरचा बेस गुदमरतो, त्याला अख्ख्या लॉकरची हवा लागते. उलट पुढून मागे हवा गळता कामा नये, स्पीकरच्या कडेने फट राहिली की पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खातात आणि गाणं ट्रान्झिस्टरवर लागल्यासारखं येतं. निम्म्या वेळा लोक सबवूफर विचारतात तेव्हा त्यांना फक्त फट बुजवायची असते.

त्याच लॉकरमधे आउटबोर्डचा (बोटीच्या मागे टांगायच्या इंजिनाचा) पेट्रोलचा कॅन किंवा गॅसची टाकी ठेवता का? ठेवत असाल तर ॲम्प्लिफायर, फ्यूज, कुठलाही जोड त्या लॉकरमधे नको. पेट्रोलची वाफ जड असते, खाली साचते, आणि ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही. ॲम्प्लिफायर केबिनमधे, कोरड्या जागी.

वायर टिन केलेल्या तांब्याची घ्या, लोहार चाळीत मिळणारी घरगुती वायर इथे दोन वर्षांत आतून काळी पडते, इन्सुलेशनच्या आत फूटभर काळी, टोक कापून नवीन जोडावं तर तेही काळं. स्पीकरला दीड स्क्वेअर एमएम पुरते. बॅटरीपासून स्टिरिओपर्यंत ४ मीटर असेल तर ४ स्क्वेअर एमएम घाला, अडीचमधे १० अँपिअर ओढले की अर्धा व्होल्टच्या वर वायरमधेच जातो. पॉझिटिव्हला फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत, स्टिरिओच्या मागे जो इवलासा फ्यूज येतो तो स्टिरिओसाठी असतो, वायरसाठी नाही. जोड क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने दाबून, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). स्पीकरला पोचायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, स्पीकरच्या टोकांवर जात नाही. होकायंत्राजवळून १२ व्होल्टची जोडी जात असेल तर ती एकमेकींभोवती पिळून न्या, सुट्ट्या वायरीतून करंट गेला की तीही चुंबकासारखीच वागते.

प्लस-मायनस दोन्ही स्पीकरला सारखे हवेत. लांब वायर टाकल्यावर कुठली कुठली हे विसरायला होतं, तेव्हा घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, स्टिरिओच्या बाजूच्या टोकांना क्षणभर लावा, दोन्ही स्पीकरचे कोन एकाच दिशेला उडाले पाहिजेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर एकाच्या वायरी उलटा.

बॅटरीचा हिशोब. डब्यावर ४ गुणिले ५० वॅट लिहिलंय त्याकडे बघू नका, मागे १० अँपिअरचा फ्यूज आहे म्हणजे तो मुळात १२० वॅटच्या वर घेऊच शकत नाही, मग २०० बाहेर कुठून काढणार. गप्पा मारता येतील एवढ्या आवाजात दोन स्पीकर साधारण दीड ते अडीच अँपिअर खातात. सहा तास वाजवलं तर ९ ते १५ एएच. ७५ एएचची लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हातात ३७, त्यातून दिवे, व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ), ऑटोपायलट. जमतं, पण इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी हवी, आणि वेगळी नसेल तर स्पीकरच्या आधी ती घ्या. आपल्याकडे बोटी मुरिंगवर, किनाऱ्याची लाइट नाही, तेव्हा ५० वॅटचं सोलर पॅनेल असलं तर स्वच्छ उन्हात दिवसाला १५ एएचच्या आसपास परत मिळतात. चोर मात्र वेगळाच असतो. स्टिरिओ बंद केला तरी त्याची मेमरीची पिवळी वायर थेट बॅटरीला असते, काही मॉडेल ब्लूटूथसाठी जागेच राहतात. १०० मिलिअँपिअर जरी धरले तरी रविवार ते रविवार १७ एएच गेले. पिवळी आणि लाल एकत्र करून एका स्विचवर घ्या, स्टेशनं परत लावायला लागली तर लागली.

सगळं जोडून झालं की व्हीएचएफ चॅनेल १६ला लावा, स्क्वेल्च उघडा म्हणजे खरखर ऐकू येईल, मग स्टिरिओ चालू-बंद करा. खरखर बदलली तर ॲम्प्लिफायर रेडिओत घाण टाकतोय, त्याची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या, तरी नाही गेलं तर त्या वायरीवर फेराइटची कडी घाला. हे जेट्टीवरच करा, नाहीतर गाणी लागली असताना तुम्हाला कोणी बोलावत होतं हे कधीच कळणार नाही.

आणि सुकाणूवाल्याच्या हाताला पोचेल असा एक म्यूटचा स्विच द्या, मी तो न विचारता लावतो. १९७२च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ५वा नियम लुकआउटचा आहे आणि त्यात डोळ्यांबरोबर कानांनीही असं स्पष्ट लिहिलंय. मुंबई बंदरात भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो फेरी (गाड्या नेणारी बोट) येते-जाते, लाँचा असतात, ट्रॉलर असतात, त्यांचा भोंगा गाण्याच्या वर ऐकू आला पाहिजे. मी स्वतः हार्बरमधे गाणं लावत नाही, प्राँग्ज दीपगृह मागे पडलं की लावतो. रात्री नांगरावर असाल तर पाण्यावरून आवाज किती लांब जातो याचा अंदाज बोटीवर बसून येत नाही, एकदा डिंगीतून (छोट्या होडीतून) शंभर मीटर लांब जाऊन ऐका. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरचा नियम पाण्यावरच्यांना माफ आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आणि किनाऱ्यावर कोळीवाड्यातली माणसं पहाटे समुद्रावर जायची असतात, त्यांची झोप मोडू नये.

मेच्या शेवटी बोट वर काढाल तेव्हा स्पीकरही काढा. चार स्क्रू, दोन चिमट्यांसारखे कनेक्टर, घरी नेऊन गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून माळ्यावर. भोकावर प्लास्टिकचं झाकण आणि ब्यूटाइल. नारळी पौर्णिमा झाल्यावर परत लावायचे. हे करणाऱ्या एका मालकाचे स्पीकर आठव्या मोसमात आहेत, न करणाऱ्यांचे तीन-चारमधे संपतात.

थोडक्यात क्रम असा धरा: चुंबकाची चाचणी, जुन्या भोकांची कड, मग जागा, मग वायर, आणि स्पीकरची कंपनी सगळ्यात शेवटी. पण तुमच्या बोटीबद्दल दोन गोष्टी कळल्याशिवाय मी जागा सांगू शकत नाही. होकायंत्र केबिनच्या भिंतीत आहे की दुसरीकडे, आणि जुन्या भोकाच्या कडेचा टॉर्च मारून जवळून काढलेला एक फोटो. कडेत लाकूड दिसत असेल तर नखाने दाबून काय झालं तेही लिहा, तोपर्यंत जिगसॉ लॉकरमधेच राहू दे.